आर्द्रता राखावी म्हणे!

‘योग्य तापमान व आर्द्रता राखावी.’

शेतीवरची कुठलीही मराठी पुस्तिका उघडा, हे वाक्य सापडणारच. अळिंबीच्या पुस्तिकेत सापडेल, कोंबड्यांच्या सापडेल आणि रेशीम उद्योगाच्या तर पानोपानी सापडेल. वाक्यात चूक काहीच नाही. फक्त त्यात कर्ता नाही, साधन नाही आणि खरं तर कृतीही नाही. ‘राखावी’ म्हणजे नेमकं काय करावं? दार उघडावं की लावावं? पाणी मारावं की चुना? पंखा हवा आत ढकलणारा लावावा की बाहेर ओढणारा? ह्यावर पुस्तिका गप्प.

आणि हे ‘राखावी’ राखलं गेलं नाही, पीक गेलं, की मग कर्ता बरोब्बर सापडतो. ‘शेतकऱ्याने काळजी घेतली नाही.’

आज भांडायचं आहे ते ह्या वाक्याशी. आणि जाता जाता आपल्याच जमातीशी, म्हणजे लॅपटॉप काखोटीला मारून शेतकऱ्याचं भलं करायला निघालेल्या आम्हा आयटीवाल्यांशी.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. (हो, तीच. जगात जर्मनी आणि भारतात परभणी. हसून झालं असेल तर पुढे जाऊ.) नोकरी पुण्यात. गावाकडे आमचे काका आणि शेजारचे दोघं-तिघं रेशीम करतात. मराठवाड्यात हे प्रकरण गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलंच रुजलं. उसाच्या मानाने तुतीला पाणी कमी लागतं, आणि कापसासारखी वर्षातून एकदाच पैशाची वाट बघावी लागत नाही. रोजगार हमीतून तुती लागवडीला आणि कीटक संगोपनगृहाला मदत मिळत आली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन चालतं. पूर्वी कोषांची पोती थेट कर्नाटकात रामनगरला न्यावी लागायची, २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून तोही त्रास कमी झाला. थोडक्यात, धंदा चांगला आहे. म्हणूनच तो हवेअभावी बुडताना बघवत नाही.

शहरातल्या मंडळींसाठी धंदा दोन ओळींत. रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीएवढी असते. चार वेळा कात टाकते, पाच अवस्थांतून जाते आणि चोवीस-पंचवीस दिवसांत तिचं वजन जवळपास दहा हजार पट होतं. मग ती कोष विणते. पहिल्या दोन अवस्थांना चॉकी म्हणतात. हा नाजूक काळ बहुतेक शेतकरी चॉकी केंद्रावर सोपवतात आणि दुसरी कात टाकून झालेल्या अळ्या घरी आणतात. १०० अंडीपुंज म्हणजे साधारण चाळीस-पन्नास हजार अळ्या. एकेका खेपेला दीडशे-दोनशे अंडीपुंज घेतले तर शेडमध्ये लाखाच्या आसपास तोंडं चरत असतात. रात्री शेडमध्ये उभं राहिलं तर पाला खाण्याचा आवाज येतो, पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा.

आता तो प्रसिद्ध तक्ता बघू. पहिल्या अवस्थेला तापमान २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ ते ९० टक्के. मग उतरत उतरत पाचव्या अवस्थेला २३-२४ अंश आणि ६५ ते ७० टक्के. कोष विणताना ६० ते ६५. तक्ता बरोबर आहे, अनेक वर्षांच्या संशोधनातून आलेला आहे. पण तो भिंतीवर चिकटवून आपण जे सांगत नाही ते असं, की अळी जसजशी मोठी होते तसतसा आर्द्रतेचा आकडा खाली यायला हवा, आणि नेमकं तेव्हाच शेडमध्ये येणारं पाणी प्रचंड वाढत असतं. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. आणि तुतीच्या ताज्या पाल्यात सत्तर टक्के पाणीच असतं.

जरा हिशोब करू. इंजिनिअर आहोत, सवय आहे.

दोनशे अंडीपुंजांची खेप, पाचवी अवस्था. दिवसाला साधारण २०० किलो पाला धरा. त्यात १४० लिटर पाणी. ह्यातलं निम्मंच हवेत जातं असं मानू, पाल्यातून, विष्ठेतून, अळीच्या श्वासातून. म्हणजे ७० लिटर रोज, तासाला जवळपास तीन लिटर. शेड समजा ५० फूट लांब, २० फूट रुंद, सरासरी १० फूट उंच. म्हणजे २८३ घनमीटर हवा. ऑगस्टमधली रात्र आहे. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के, आत २७ अंश. बाहेरून आलेल्या प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ आधीच आहे. २७ अंशांना ती फार तर २६ ग्रॅम धरू शकते. उरले किती? सहा ग्रॅम. गुणा २८३. पावणेदोन लिटरच्या आत.

तासाला तीन लिटर येतंय आणि जागा आहे पावणेदोन लिटरची. दारं-खिडक्या लावून घेतल्या तर पाऊण तासाच्या आत शेडमधली हवा पूर्ण भिजते. पहाटेपर्यंत पत्र्यातून थेंब पडायला लागतात. पत्र्याखाली रात्र काढलेल्या कुणालाही विचारा.

आता हीच हवा तासाला दहा वेळा बदलली तर? प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला फक्त एक ग्रॅम जास्तीची वाफ येते, आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. त्यासाठी अवकाशयान लागत नाही, साधे पंधरा इंची दोन एक्झॉस्ट पंखे पुरतात. गंमत बघा, बाहेरची हवा ९० टक्क्यांची असूनही ती आत घेतल्याने आतलं वातावरण कोरडं होतं, कारण आत ती तीन अंशांनी तापते. ‘बाहेर पाऊस आहे, ओल आत येईल, दार लावा’ हा सल्ला मी जाणत्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. गणिताने तो साफ उलटा आहे.

आणि हेही बघा, की एवढं करून तक्त्यातला ७० चा आकडा येतच नाही! ऑगस्टमध्ये तो साध्या शेडमध्ये येणारही नाही. मग काय करायचं? तर हवा अळीच्या अंगावरून हलती ठेवायची. अळीला घाम येत नाही. ती पाणी पीत नाही, पाल्यातून आलेलं जास्तीचं पाणी तिला अंगाबाहेर टाकावंच लागतं, आणि आजूबाजूची हवा भिजलेली आणि थांबलेली असेल तर ते जायला जागा नसते. गादी कोरडी ठेवायची, कात टाकायच्या वेळी पाला थांबवून चुना भुरभुरायचा, खिडक्या उघडायच्या. आकडा गाठता येत नसेल त्या दिवशी काय करायचं, हे खरं मार्गदर्शन. आकडा कुणीही छापू शकतं.

नाही केलं तर काय होतं? ओल्या, कोंडलेल्या गादीत मस्कार्डीन नावाची बुरशी येते आणि अळी खडूसारखी पांढरी, कडक होऊन मरते. फ्लॅचरी येते, अळी मऊ पडून सडते. आणि हे बहुतेक वेळा पाचव्या अवस्थेत दिसतं. म्हणजे पाला कापून झालेला, मजुरी देऊन झालेली, रात्रीचं जागरण करून झालेलं, आणि कोष चार दिवसांवर आलेला. जी अळी वाचते ती विणायला बसते तेव्हा आधी अंगातलं उरलंसुरलं पाणी सोडते. लाखभर अळ्या, एका वेळी. तिथेही हवा कोंडली तर धागा नीट सुटत नाही, तुटतो, आणि बाजारात भाव पडतो. घरातल्या दोन बायकांनी आणि एका गड्याने तीन आठवडे केलेल्या कष्टाची किंमत त्या दोन-तीन रात्रींत ठरते.

आता आमच्या जमातीकडे वळतो.

गेल्या काही वर्षांत ‘स्मार्ट’ संगोपनाची बरीच पिच ऐकली. एका डेमोला तर हौसेने गेलो होतो. (नाव सांगत नाही. सगळ्यांची साधारण एकच असतात.) भिंतीवर सेन्सर, सेन्सरमध्ये सिम, सिमकडून क्लाउड, क्लाउडवर डॅशबोर्ड आणि डॅशबोर्डवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर अलर्ट: आर्द्रता जास्त आहे. मी विचारलं, अलर्ट आल्यावर त्याने काय करायचं? उत्तर आलं, ‘ते ॲडव्हायझरी मॉड्यूल पुढच्या फेजमध्ये आहे.’

म्हणजे बघा, पुस्तिकेतलं ‘योग्य आर्द्रता राखावी’ हेच वाक्य आता रात्री दोन वाजता फोनवर वाजणार. आणि त्याचं महिन्याचं भाडं लागणार :-)

बरं, सेन्सर असतो भिंतीवर. अळ्या असतात रॅकच्या चार-पाच मजल्यांवर, फांद्यांच्या गादीत. भिंतीवर ७५ दिसत असताना गादीत हात घाला, ओल हाताला लागते. जिथे अळी राहते तिथलं हवामान मोजलंच जात नाही, आणि आलेख मात्र दशांश चिन्हापर्यंत अचूक!

आपल्यापैकी ज्यांनी सर्व्हर रूम पाहिली आहे त्यांना हे कळायला हवं. तिथे आधी काय ठरतं? थंड हवा कुठून येणार, गरम हवा कुठून जाणार, रॅकची तोंडं कुठल्या बाजूला. मॉनिटरिंग नंतर. हवेला वाटच नसलेल्या खोलीत सर्व्हर ठेवून ‘तापमान वाढलं की मेल पाठवू’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याला नोकरीवरून काढू. शेतकऱ्याला मात्र आपण तेच विकतो, आणि वर पुरस्कारही घेतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४ पासून गांजाची विक्री कायदेशीर झाली. तिथे बंद खोल्यांमध्ये दिव्याखाली पीक घेतात. (आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे, तेव्हा भलत्या कल्पना नकोत.) तो धंदा बरा की वाईट हे बाजूला ठेवा. पण बंद खोलीतल्या ओलीचा विचार त्यांनी ज्या बारकाईने केला तो शिकण्यासारखा आहे. त्यांचं गणित सुरू होतं ते इथून, की झाडाला जेवढं पाणी घातलं जवळपास तेवढंच पुन्हा हवेतून बाहेर काढावं लागणार. काढलं नाही तर फुलोऱ्याला करडी बुरशी लागते आणि माल जातो. म्हणून आधी पंखा आणि ओल शोषणारं यंत्र, मग दिवे. नशेच्या पिकाला जे पद्धतशीरपणे मिळतं ते रेशमाला का मिळू नये?

आणि हे ज्ञान नवीनही नाही. इटलीत व्हिन्चेन्झो दांदोलो नावाचा रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने १८१५ साली रेशमाच्या अळ्यांच्या संगोपनावर पुस्तक लिहिलं. त्याच्या संगोपनगृहात तापमापी होता, आर्द्रतामापीही होता. पण त्याबरोबर जमिनीलगत आणि छताला हवेची भोकं होती, आणि कोपऱ्यांत शेकोट्या होत्या, ज्यांचा जाळ थोडा वेळ पेटवून वर जाणाऱ्या गरम हवेबरोबर आतली कोंदट हवा ओढून काढायची. वीज नसताना! मोजणं आणि हलवणं, दोन्ही एकत्र. पुढे १८३५ मध्ये इटलीतच आगोस्तिनो बास्सीने दाखवलं की मस्कार्डीन हा बुरशीमुळे होणारा संसर्ग आहे. दोनशे वर्षं होत आली. आपण त्यातलं मोजणं तेवढं उचललं, कारण मोजण्याचं ॲप होतं.

‘पण परभणीच्या हवेत नुसतं वायुवीजन करून कसं भागेल?’ हा आक्षेप रास्त आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असते. तशी हवा थेट आत घेतली तर पाला तासाभरात सुकेल आणि अळी त्याला तोंड लावणार नाही. मान्य. पण त्याच हवेचं ओल्या फडक्याच्या तापमापीवरचं तापमान २४ च्या आसपास असतं. म्हणजे ती ओल्या गोणपाटातून किंवा कूलरच्या गवतातून आत घेतली तर तिशीच्या जवळ येते आणि ओलही मिळते. अट एकच, दुसऱ्या टोकाने ती बाहेर गेली पाहिजे. ‘कूलर लावलास तर समोरची खिडकी उघड’ हे आपल्याकडे प्रत्येक आजीला माहीत आहे. तरी बंद शेडमध्ये फॉगर लावून देणारे महाभाग आहेत. पहिली दहा मिनिटं गार वाटतं, मग शेडचा इडलीपात्र होतो.

हिवाळ्यात उलट. परभणीचा पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते, आणि शेडमध्ये कोळशाची शेगडी येते. दार लावून. बाहेरची दहा अंशांची हवा पंचवीसपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ऐंशीवरून तेहतीसवर येते, म्हणजे तेव्हा ओल द्यावी लागते. पण खरी भीती वेगळीच आहे. बंद जागेतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडीच्या रात्री त्या शेडमध्ये फक्त अळ्या नसतात. राखणीला झोपलेला माणूसही असतो. ‘योग्य तापमान राखावे’ ह्या वाक्याची ही किंमत असू शकते. शेगडी आत असेल तर वरची वाट उघडी हवी, ह्यात तडजोड नाही.

वरची वाट म्हणताना आठवलं. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना छतात साणं असायचं. चुलीचा धूर तिथून जायचा, उजेड तिथून यायचा आणि उन्हाळ्यात कोंडलेली गरम हवाही तिथूनच निघून जायची. गरम हवा वर जाते हे आमच्या पणजोबांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. मी गावाकडे पाहिलेल्या बहुतेक शेडांना पत्रा आहे, शटर आहे, अनुदानाची पाटी आहे. आढ्याला भोक नाही. का? कारण ते मोजमापात बसत नाही. लांबी-रुंदी टेपने मोजता येते, फोटो काढता येतो. हवा किती हलते ह्याचा फोटो येत नाही.

तर माझं म्हणणं चार ओळींत.

एक, शेडला वर आढ्यालगत सलग उघडझाप करता येणारी वाट आणि खाली दोन्ही बाजूंना खिडक्या, हे नसेल तर ते संगोपनगृह नव्हे, गोदाम आहे. वीज गेली तरी गरम हवा वरून जाईल आणि खालून नवी येईल. परभणीत वीज जाते, हे गृहीत धरा. उझी माशीसाठी जाळी हवीच, पण जाळी हवा अडवते, म्हणून खिडकी मोठी करा.

दोन, पत्र्यावर कडबा, पाचट, पांढरा रंग, जे परवडेल ते घाला. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर ऊन कमी येतं.

तीन, पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ‘राखावी’ हा शब्द खोडावा. त्या जागी महिना, अवस्था आणि वेळ ह्यांप्रमाणे कुठली खिडकी उघडायची, कधी लावायची, पंखा किती चालवायचा ते लिहावं. एक पान पुरे. आणि अनुदान देताना लांबी-रुंदीबरोबर हवेची वाटही तपासावी.

चार, सेन्सर विकणाऱ्यांनी आधी पंखा चालू करून दाखवावा. सेन्सर वाईट नाही. चॉकी केंद्रात, जिथे पाला थोडा आणि खोली बंदिस्त, तिथे तो उत्तम काम करतो. मोठ्या अळ्यांच्या शेडमध्येही तो पंख्याच्या बटणाला जोडला तर उपयोगी आहे. पण नुसत्या मापाला काही शे रुपयांचा कोरडा-ओला तापमापी पुरतो, आणि तो रॅकच्या मधल्या मजल्यावर, गादीशेजारी टांगायचा असतो.

कुणी म्हणेल, हे इतकं साधं आहे तर त्यात इंजिनिअरिंग काय? तेच तर दुखणं आहे. साध्या गोष्टीला गुंतवणूकदार मिळत नाही. आढ्याच्या भोकाचं सबस्क्रिप्शन विकता येत नाही. म्हणून आपण अवघड गोष्ट बांधतो आणि साधी गोष्ट शेतकऱ्याच्या ‘काळजी’वर सोडून देतो.

ह्या पावसाळ्यात गावाकडे जाणार असाल आणि वाटेत एखादं रेशमाचं शेड दिसलं, तर आत जा. मोबाइल बाहेर काढू नका. दारात उभं राहून फक्त श्वास घ्या. डोळे चुरचुरले, कुबट वास आला, तर तिथली आर्द्रता किती हे विचारायची गरजच नाही. वर बघा, हवेला जायला वाट आहे का. नसेल तर शिडी आणि पत्रा कापायची कात्री कुठे मिळेल तेवढं विचारा.